लल्ला शामांकडचे मटार

लल्ला शामांना कमी ऐकू येऊ लागलंय, आणि ते त्यांना सांगायला कुणी तयार नाही. संध्याकाळी माझ्या लेकीची, रहीमोची, शिकवणी संपवून आम्ही दोघी घरी आलो तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. ती केव्हाच झोपली, मी जागीच.

मोरोक्कोत, तेतुआनच्या जुन्या शहरात, सुतारांच्या गल्लीत, लल्ला शामा मुलांना व्हायोलिन शिकवतात. आमच्या पद्धतीचं, गुडघ्यावर उभं ठेवून वाजवायचं. सगळे त्यांना मानानं लल्ला म्हणतात. लग्न केलं नाही. वडील वादक होते. त्यांच्या शेजारी बसून, नुसतं ऐकून शिकल्या. त्यांच्याकडे मुलाच्या हाती गज लगेच येत नाही. आधी गाणं तोंडपाठ करायचं, मांडीवर ताल धरायचा, मग तारा.

पहिल्या दिवशी त्यांनी रहीमोच्या आधी मलाच विचारलं, "तू बसणार इथं?"

"बसू ना?"

"बस की. परक्या घरात लेकरू एकटं सोडायचंच नाही, मग ते घर माझं का असेना. दार उघडंच असतं. पण रिकाम्या हातानं बसायचं नाही." आणि मटारांची परात माझ्या मांडीवर आली. "आई रिकामी असली की शिकवायला लागते. मग पोर दोघींची तोंडं बघतं, तारांकडे बघत नाही."

मी शेंगा सोलू लागले.

"आणि हे बघ, खोटी वाहवा हवी असेल तर हिच्या आत्याकडे पाठव. आत्या फुकट देते."

रहीमो खुदकन हसली. तिथंच त्या दोघींचं जमलं.

या हिवाळ्यात लल्ला शामा वाजवणाऱ्या मुलाकडे फार वाकू लागल्या. मग व्हायोलिनच्या लाकडावर तळहात टेकवून बसू लागल्या. मुलंही कमी होत गेली. फेतूमाचा मुलगा येईनासा झाला, म्हणून पाव भाजायच्या भट्टीवर ती भेटली तेव्हा मी तिला विचारलं.

"परीक्षा आहे म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

"आणि खरं?"

"खरं काय सांगू? बाई, तुम्हाला ऐकू येत नाही, असं? तू सांग की! कॉलेजात शिकलीस ना? का तिथं फक्त गप्प बसायला शिकवतात?"

मी पाव उचलून घरी आले.

आज लल्ला शामाच म्हणाल्या, "सगळ्यांच्या परीक्षा एकदमच आल्या बघ. माझंच शिकवणं शिळं झालं असणार. ईदनंतर बंद करावं म्हणते."

"असं काय म्हणता, लल्ला!" मी म्हणाले.

मग रहीमो वाजवायला बसली. एका ओळीत सूर इतका उतरला की परातीतून माझीही मान वर झाली. लल्ला शामांचा हात लाकडावर होता. "तबारकल्लाह!" त्या म्हणाल्या. ही शाबासकी त्यांच्याकडून वर्षात एखाद्या वेळी मिळते. रहीमोनं गज खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा शेंगांत डोकं घातलं.

गल्लीत आल्यावर ती म्हणाली, "आई, मी चुकले होते."

"हो."

"मग त्यांनी शाबासकी का दिली? मला नको असली."

"दुसऱ्या बाई बघायच्या का?"

"नको! त्यांना सांग ना. माझं बोट घसरलं की त्या मला नाही का सांगत?"



शाळेची वेळ बदलली, अशी एक सबब मीही मनात तयार ठेवली होती. त्या रागावतील, दार लावून घेतील, ही भीती अजून आहे. पण सबबी ऐकून ऐकून त्या स्वतःच्या विद्येलाच शिळी म्हणू लागल्यात. कान डॉक्टरला तरी दाखवता येतो.

उद्या शुक्रवार. त्या जुम्म्याच्या जेवणाचं कुसकुस चुलीवर चढवायच्या आधी फोन करणार आहे. हल्ली त्या रिसीव्हर डाव्या कानाला लावतात. तरी मोठ्यानं बोलावं लागेल. परीक्षा नाही, शाळा नाही. म्हणेन, "लल्ला, काल रहीमो चुकली आणि तुम्हाला ते ऐकू आलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. तिला तुमच्याकडेच शिकायचंय."