लोह्याच्या अलीकडचा शब्बाथ

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की यापुढे मला गाडी चालवता येणार नाही. काचबिंदू झाला होता. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, पण दोन्ही बाजूंची नजर पुसली गेली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी रेल्वेत लोको पायलट. माझा माझ्या डोळ्यांवर भारी भरवसा. असिस्टंटने सिग्नल पुकारायच्या आधी तो मला दिसलेला असायचा, आणि हे मी चारचौघांत सांगायचोसुद्धा. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना रस्ता ओलांडायला मला भीती वाटली. आदल्या दिवशीपर्यंत वाटली नव्हती. नजर तीच होती, फक्त मला कळलं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळचे अलिबागकडचे. वडील रेल्वेत होते, बदलीवर पूर्णेला आले आणि इकडचेच होऊन गेले. आता आम्ही नांदेडात राहतो. इथे आमचं प्रार्थनालय नाही, सामुदायिक प्रार्थनेला लागतात तेवढी माणसं नाहीत. शेजारी आम्हाला अजून ख्रिश्चन समजतात आणि मी त्यांची समजूत दुरुस्त करायचा कंटाळा करतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत माझी बायको शब्बाथचा दिवा लावते. तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, प्रवास नाही. निदान तिच्यापुरतं. माझा शनिवार कधी परभणीला जायचा, कधी आदिलाबादला. घरातला धर्म तिच्याकडे आणि इंजिन माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती आणि ती दोघांनाही सोयीची होती.

गाडी चालवणं सुटल्यावर मला रनिंग रूमवर नेमायचं ठरलं. गाडी घेऊन आलेले पायलट आणि गार्ड परतीच्या ड्युटीपर्यंत जिथे जेवतात आणि झोपतात, ती ही जागा. तिथे लक्ष ठेवायचं, खोल्या नीट ठेवून घ्यायच्या, वेळेवर माणूस उठवायचा. सहकाऱ्यांनी चांगल्या मनाने अभिनंदन केलं. मला मात्र चादरी-उशांचा कारभारी झाल्यासारखं वाटलं. मी रजा टाकून घरी बसलो आणि सरळ निवृत्ती घेतो म्हणू लागलो.

याहून वाईट म्हणजे मी डोळ्यांत थेंब टाकायचे बंद केले. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. गेलेली नजर थेंबांनी परत येणार नव्हती, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. उरलेली टिकवायला ते थेंब आहेत, नाही तर हळूहळू समोरचंही जाईल, हेही त्यांनी सांगितलं होतं. मला ते समजत नव्हतं असं नाही. समजत होतं, आणि तरी हात बाटलीकडे जात नव्हता. इंजिन काढून घेतलंस ना, मग डोळेही ने, इतका मी देवावर रुसलो होतो. बायकोने आधी समजावलं, मग भांडली, मग गप्प झाली. तिचं गप्प होणं मला सोयीचं वाटलं.

तिने एक केलं. ठाण्याच्या शालोममामांना तिने माझ्या मागे लावलं. मामा तिचे, प्रार्थनालयात कित्येक वर्षं हझान, म्हणजे प्रार्थना सांगणारे. आमच्या धर्मग्रंथाचा एक भाग दर आठवड्याला वाचायचा असतो, त्याला परशा म्हणतात. मामा दर गुरुवारी संध्याकाळी फोनवरून मला तो समजावू लागले. पहिले काही गुरुवार मी फोन टेबलावर ठेवून पेपर वाचला. नाही कसं म्हणायचं, मामा वयाने मोठे.

एका गुरुवारी रानातल्या प्रवासाचा भाग निघाला. मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटलेले आमचे पूर्वज रानात चालताहेत. वर देवाचा ढग. तो उठला की तंबू गुंडाळून निघायचं, तो उतरला की थांबायचं. मुक्काम किती, एक रात्र की एक वर्ष, हे कोणालाच ठाऊक नाही. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "मामा, आमच्यात याला लाल सिग्नल म्हणतात. फरक एवढाच, की तो ढग कधीतरी उठायचा. माझा लाल हिरवा होणार नाही."

"नाही होणार," मामा म्हणाले, आणि पुढचं वाचू लागले. मला रागच आला. निदान वाद तरी घालायचा. पण पुढच्या गुरुवारी मी पेपर घेतला नाही.

लातूरला एक डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत, असं बायको शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी लगेच तयार झालो, याचं तिला नवल वाटलं. मला मनातून आशा होती, की लातूरचे डॉक्टर पहिली तपासणी चुकीची ठरवतील. वेळ मिळाली ती शुक्रवारची. बायको कचरली. मी म्हणालो, दुपारची एसटी पकडू, सूर्य मावळायच्या आधी घरी. मी मावळतीच्या वेळेपासून मागे हिशोब केला आणि गाडी ठरवली. रेल्वेच्या माणसाची ही खोड. सेक्शनचा, म्हणजे दोन स्टेशनांमधला, वेळ डोक्यात इतका मुरलेला असतो, की टाईमटेबलात लिहिलं म्हणजे गाडी पोचलीच असं तो धरून चालतो. मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त जास्त प्रेमाने. आम्ही परतीच्या गाडीत बसलो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याच्या अलीकडे गाडीखालून खडखड आवाज आला आणि ड्रायव्हरने ती रस्त्याच्या कडेला घेतली. मागची गाडी येईल, त्यात बसवून देतो, असं कंडक्टर म्हणाला. मागची गाडी येईना. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती आणि सूर्य खाली चालला होता. बायको रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या सूर्याकडेच बघत होती. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत तिचा शुक्रवारचा दिवा कधी चुकला नव्हता, बाळंतपणातही नाही. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रस्त्याला लागून एक किराणा दुकान होतं, मागे घर. गल्ल्यावरची बाई, सुवर्णा तिचं नाव, बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. शेवटी उठून आली आणि बायकोला म्हणाली, "काय झालं ओ अक्का? कुणी आजारी हाय का घरी?" बायकोने सांगितलं, आमचा सण सूर्य मावळताना लागतो, त्याआधी दिवा लावायचा असतो, आणि आज आम्ही असे वाटेत. सुवर्णाने सण कोणता, जात कोणती, काही विचारलं नाही. "मंग लावा की इथं," म्हणाली. "दिव्याला काय घर लागतंय? तेल हाय, वात हाय."

तिने दोन पितळी दिवे घासून दिले, करडईचं तेल घातलं. शब्बाथच्या रात्री द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणायचा असतो, त्याऐवजी आम्ही मनुकांचं शरबत करतो. दुकानातल्या काळ्या मनुका तिने मूठभर दिल्या, गरम पाण्यात भिजवल्या, बायकोने त्या घाईघाईने कुस्करून गाळल्या. सूर्य बाभळीच्या शेंड्यांत अडकला होता तेव्हा दिवे लागले. बायकोने डोळ्यांवर हात धरले आणि हिब्रूत आशीर्वाद म्हटला. मराठवाड्यातल्या एका लिंगायत घराच्या कोनाड्यासमोर तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दिवा लागल्यावर आता प्रवास नव्हता. मागची गाडी त्यानंतर थोड्याच वेळात आली आणि आम्हाला न घेता गेली. सुवर्णाने आम्हाला जाऊच दिलं नसतं, हा भाग निराळा.

घरात तिचे सासरे होते, सगळे त्यांना अप्पा म्हणत. हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून ते भिंतीशी बसले होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून त्यांनी इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि तळहात डोळ्यांसमोर धरून बराच वेळ एकटक बघत राहिले. मला आधी काही वेगळं वाटलं नाही. पूजा संपवून उठताना त्यांनी भिंत चाचपली तेव्हा कळलं, की अप्पांना दिसत नाही.

जेवण पोळी-भाजीचं, घर शाकाहारी, त्यामुळे आमच्या खाण्याच्या नियमांचा प्रश्न आपोआप सुटला. अप्पांनी विचारलं, पाव्हणे काय करता. त्या माणसापाशी काही लपवावंसं वाटलं नाही. इंजिन, काचबिंदू, लातूर, सगळं सांगितलं. थेंब सोडल्याचं तेवढं सांगितलं नाही. अप्पा म्हणाले, "मलाबी त्योच. लई वर्षं झाली. थेंब दिले होते डाक्टरनं. दुखत न्हाई, खुपत न्हाई, मंग कशाला, म्हून सोडले म्या. तुम्ही टाकता न्हवं?"

माझेच शब्द होते. मी ते या घरात कोणापाशी बोललो नव्हतो. बायको ताटाकडे बघत होती. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते ऐकणारा माणूस माझ्याकडे न दिसणाऱ्या डोळ्यांनी बघत होता. मी म्हणालो, "नाही टाकत, अप्पा."

"मंग आज टाका."

मी शेवटची पळवाट काढली. म्हणालो, आमचा शब्बाथ लागलाय, त्यात औषधाचं जरा बघावं लागतं. आयुष्यभर शब्बाथला इंजिन हाकलेला मी, त्या दिवशी एकाएकी कर्मठ झालो. बायको मधेच बोलली. "मामांना विचारून ठेवलंय मी. डोळ्यांसाठी चालतं." आणि तिने पर्समधून बाटली काढली. नवी, सील न फोडलेली. मी सोडल्यापासून दर महिन्याला ती जुनी टाकून नवी आणत होती आणि जाईल तिथे सोबत नेत होती. एका अक्षराने मला कळू दिलं नव्हतं. मी मान वर केली. तिने थेंब टाकले. डोळ्यांतून जे वाहिलं ते सगळं औषध नव्हतं.

दुसरा दिवस, चांदण्या दिसेपर्यंत, आम्ही तिथेच काढला. मला रिकामं बसायची सवय नाही, पण त्या घरात बसता आलं. सकाळी अप्पा पुन्हा तळहातावर लिंग घेऊन बसले. झाल्यावर मी धीर करून विचारलं, दिसत नसताना तुम्ही बघता काय. अप्पांना प्रश्नाचा राग आला नाही. लिंग डबीत ठेवता ठेवता म्हणाले, "बगायचं काम माझं. दाखवायचं काम त्याचं."

पुढच्या गुरुवारी मामांना सगळं सांगितलं. आमच्यात एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, फार मानतात. तो कोणाच्याही रूपाने दाराशी येतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. मामा, तो असाही येतो का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, ते तू मला विचारू नकोस, आभार मान. मग त्यांनी रानातल्या मुक्कामांची एक गोष्ट सांगितली. ढग उतरला, की आपले लोक देवाचा मंडप उभा करायचे. पूर्ण, शेवटच्या खुंटीपर्यंत. सकाळीच उठायचं असलं तरी कोणी म्हणत नसे, की एका रात्रीपुरतं अर्ध्यावर भागवू. मी फोन ठेवला तेव्हा लोह्याच्या अलीकडचं ते घर डोळ्यांपुढे आलं. दोन अनोळखी माणसांसाठी सुवर्णाने पेटीतली नवी चादर काढून अंथरली होती. त्याच आठवड्यात मी रनिंग रूमवर हजर झालो.

आता तिथे बरेच दिवस झाले. मलिदा करायला मामा मुद्दाम ठाण्याहून आले. एलियाहू हन्नाबीचे आभार मानायचे ते असे, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून. त्यातलं एक ताट आम्ही अप्पांना नेऊन दिलं. लातूरचे डॉक्टर म्हणतात, उरलेली नजर जागच्या जागी आहे. शनिवारी मी आता घरी असतो. हे सगळं कोणी घडवून आणलं की नुसतं घडलं, याचा निवाडा मी करत नाही. रस्त्यावर एक गाडी बंद पडली आणि माझे डोळे वाचले, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी मी रोज कृतज्ञ आहे.

भर दुपारी रनिंग रूममध्ये पडदे ओढलेले असतात. पहाटे लांबून गाडी आणलेली माणसं आत झोपलेली असतात. मी चपला काढून व्हरांड्यातून फिरतो. कोणी घोरतं, कोणी कूस बदलतं. वेळ झाली की दारावर हलकेच टकटक करतो, चहा देतो, माणूस डोळे चोळत निघून जातो, आणि मी त्याच्या पलंगावर धुतलेली चादर कोपरे ताणून घालतो. थोड्या वेळाने स्टेशनातून गाडी निघाल्याचा भोंगा ऐकू येतो. पूर्वी तो नकोसा वाटायचा. आता मी जिथे असेन तिथे थांबतो आणि मनात म्हणतो, देवा, गाडी तुझीच होती. मला काही वर्षं तिथे बसू दिलंस.