कातरबाई आणि ब्रशला दूध पाजणारी पोर

आजोबांना कातरबाई फारशा ठाऊक नव्हत्याच. वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, शिवणकाम करतात आणि त्यांची जीभ हातातल्या कात्रीपेक्षा जरा जास्तच चालते, एवढंच. खरं नाव विचारायचंही राहून गेलं. सून कामावर जाऊ लागली तशी अकरा महिन्यांची नात, चिमी, दुपारी त्यांच्याकडे असायची. तिला आणायला म्हणून आजोबा जिना चढायचे आणि तासभर तिथेच टेकायचे.

चिमी चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसायची आणि रिकामी वाटी एकेकाच्या तोंडाला लावायची. बुटक्या खिडकीतल्या मांजराला, दुरुस्तीला आलेल्या कोटाच्या केसाळ कॉलरला, कपडे झाडायच्या मऊ ब्रशला. रिळांना नाही, इस्त्रीला नाही.

एकदा माहेरी आलेली लेक, चिमीची आत्या, आजोबांबरोबर वर आली.

"अगं बाई, ही ब्रशला दूध पाजतेय!" ती खो खो हसली. मग पुढ्यात बसून म्हणाली, "माऊ कुठंय? दाखव बघू."

चिमीने ब्रश उचलला.

आत्याचं हसू मावळलं. "बाबा, पोर मंद आहे हो. चिंध्यांत वाढवल्यावर दुसरं काय होणार?"

शिलाई मशीन थांबलं. कातरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! केस आहेत, हाताला मऊ लागतंय, म्हणजे दूध पिणारंच असणार, एवढं ताडलंय तिनं. मागच्या महिन्यात ती रिळांनाही पाजायची. आता रिळं वेगळी काढली. चाललंय तिचं निवडणं. काल जन्मलेल्या पोरीनं तुम्हाला सगळं जग घड्या घालून द्यायचं की काय?"

"मी तिची आत्या आहे."

"मलाही आत्यानंच बिनडोक ठरवलं होतं. तिसरीतून घरी बसवलं. म्हणणारी विसरली, मी घरीच राहिले."

आजोबांनी घसा खाकरला. "परवा तिनं ब्रशला ढकललं आणि बघत बसली. आपण होऊन हललाच नाही तो. मग मांजराकडे गेली. मी पाहिलं."

"बाबा, तुम्ही नका मध्ये पडू."

आजोबा आतून चरफडत राहिले. ज्या पोरीला अजून उभं राहता येत नाही तिच्यावर शिक्का मारायला लोकांचे हात कसे शिवशिवतात! रात्री जेवताना त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. मुलगा पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "ताई म्हणतेय तर असेल काहीतरी." सुनेनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. सोमवारपासून चिमी दूरच्या एका पाळणाघरात जायची ठरली. तिथे म्हणे भिंतभर चित्रं होती, आणि बोट ठेवून तिथल्या बाईंनी सांगितलं की मुलांनी म्हणायचं.

शनिवारी आजोबा तिला आणायला वर गेले. चिमी ब्रशवरून सरपटत थेट खिडकीशी गेली आणि मांजराच्या तोंडाला वाटी लावली. कातरबाईंनी ते पाहिलं, आजोबांनीही पाहिलं. दाखवायचं कोणाला? आत्या तर केव्हाच सासरी गेली होती.

पुढे महिन्याभरात कातरबाईंनी ती खोली सोडली. कुठे गेल्या ते खाली कोणालाच सांगता आलं नाही.

त्या शेवटच्या शनिवारी चिमीला आजोबांच्या खांद्यावर देताना त्या म्हणाल्या, "हिचा एक मोजा सापडत नाहीये. मिळाला की तुमच्या दाराच्या कडीला अडकवते."

"असू द्या," आजोबा म्हणाले, "घाई नाही."