बापूंचं पंचांग आणि लाटवियातल्या गाड्या

"थांबा भाऊ, जरा तिथी बघू द्या," असं म्हणून बापू बोट जिभेला लावत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटत. समोर कोरी गाडी उभी, गिऱ्हाईक घरच्यांसह नटूनथटून आलेलं, तरी बापूंचं बोट तिथीवर टेकल्याशिवाय नारळ फुटायचा नाही.

सुरतेहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शोरूम आहे. मी तिथं विम्याचे आणि पासिंगचे कागद बघतो. बापू मूळचे धुळ्याकडच्या साक्रीचे, बोलण्यात अहिराणी डोकावायची. आधी कापडाच्या मागावर होते, मग आमच्याकडे गाड्या धुवायला लागले आणि हळूहळू डिलिव्हरीचे भटजी होऊन बसले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आरशाला लाल रिबन, सगळं त्यांच्या हातचं. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण कडोदऱ्याचा साडीवाला शेठसुद्धा त्यांना हात जोडून म्हणायचा, "काका, मुहूर्त तमे कहो."

तुम्ही म्हणाल, अशा माणसाचा लाटवियाशी काय संबंध? तर त्यांची एकुलती एक मुलगी तिकडे शिकायला गेली आणि तिथल्याच नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागली. नोकरी एका वर्षाच्या बोलीवर. विक्री बघून मार्चअखेर कायम करणार, नाहीतर तिला घरी परतावं लागणार. बायको गेल्यावर बापूंनी तिला एकट्यानं वाढवलेलं. त्यामुळे युरोपातल्या त्या चिमुकल्या देशात कोणत्या गाड्या खपतात, हे बापूंना आमच्या मालकापेक्षा जास्त ठाऊक असे.

चहाच्या वेळी ते बातम्या देत. "तिथले लोक नवी गाडी लवकर घेत नाहीत, भाऊ. दुसऱ्या देशातली जुनी आणतात. नव्या घेतात त्या कंपन्या. आणि रंग कोणता, तर राखाडी!" या राखाडी रंगाचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. विजेच्या गाड्या वाढताहेत हे ऐकल्यावर, तिथल्या बर्फात बॅटरीला रात्री गोधडी घालतात का, असंही त्यांनी मुलीला विचारून घेतलं होतं.

सप्टेंबरात मुलीचा फोन आला, विक्री पडली म्हणून. बापूंनी फोन स्पीकरवर टाकला आणि शांतपणे म्हणाले, "पितृपक्ष शे ना बेटा! आपलं शोरूम बी रिकामंच शे."

"पप्पा, इथं पितृपक्ष नसतो."

"नाव नसंल. पण पितर तर त्यांचे बी असतील ना?"

दसऱ्याला खप उसळेल असं त्यांनी तिला बजावलं. दसरा गेला, दिवाळी गेली, लाटविया काही उसळला नाही. डिसेंबरात बापूंनी कमुरता काढलं. संक्रांतीआधीच्या त्या महिन्यात गुजरातेत कुणी शुभकार्य करत नाही, मग लाटवियात तरी कोण करील? माझ्या हाती आयतंच कोलीत मिळालं होतं. रोज सकाळी मी विचारायचो, "बापू, लाटवियात आज कोणती तिथी?" ते हसायचे आणि फडकं पिळायचे.

असंच एकदा मी म्हणालो, "बरंच आहे की, बापू. गाड्या खपल्या नाहीत तर पोरगी घरी येईल."

बापू काच पुसत होते. पुसतच राहिले. "ते मला बी पाहिजे, भाऊ. पण हसत गेलती ती. रडत यायला नको." मग फडकं पिळत म्हणाले, "रोज देवाला सांगतो, तिच्या गाड्या खपू दे. आन् लगेच उठतो देवापुढून, दुसरं काही तोंडातून निघायच्या आत."

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून लाटवियातली तिथी विचारणं मी बंद केलं.

होळीआधीच्या आठ दिवसांत, होळाष्टकात, इकडे कुणी नवी गाडी नेत नाही. आमचं शोरूम ओस पडलं होतं. नेमक्या त्याच दिवसांत मुलीकडे एका कंपनीनं एकदम बऱ्याच गाड्या मागवल्या, सगळ्या राखाडी, आणि ती कायम झाली. बापूंनी सगळ्यांना डाळीचा वाफाळता सुरती लोचो खाऊ घातला. मॅनेजरनं चिडवलं, "काका, होळाष्टकात कसं काय?" बापू म्हणाले, "जाऊ द्या साहेब, तिथलं पंचांग निराळं." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दोन वर्षं घरी येण्याइतकी मोठी रजा नाही म्हने तिला." आणि धुतलेलीच गाडी पुन्हा धुवायला गेले.

पुढच्या अमावस्येला बापू कामावर आले नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डिलिव्हरी एकही नव्हती, तरी मला करमेना. फोन लावला, तर मागं गलका ऐकू येत होता.

"कुठं आहात, बापू?"

"पासपोर्टच्या ऑफिसात. ही तारीख सगळ्यात आधीची मिळाली, घेतली."

"अहो, पण आज अमावस्या आहे!"

"ठाऊक शे," बापू म्हणाले. "पोरनं तोंड देखनं शे माले, भाऊ. त्याले कसानी तिथी?"