सीलबंद पेटी आणि सलीमभाई

"अप्पा, कपाटनी किल्ली कोठे शे?" अग्निशमन केंद्रातून फोन आला तेव्हा मी प्रकाशा गावी बहिणीकडे जेवायला बसलो होतो. रविवार होता. किल्ली माझ्या खिशात होती. तसं सांगितलं, तर पलीकडचा म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या. गाडी निंघी गयी." त्या गाडीवर सलीमभाई होते. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात वारले... महिना उलटून गेलाय त्याला.

सलीमभाई आमच्या गावच्या बंबावर होते आणि मी त्याच केंद्राचा भांडारपाल. दोघंही एकाच साली नोकरीला लागलो. त्यांचे वडील कल्हईवाले. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की डोळ्यांतून पाणी काढणारा धूर उठतो, म्हणून आधी वारा बघायचा आणि मग भाता लावायचा, हे सलीमभाई लहानपणीच शिकले होते. ती सवय त्यांना आयुष्यभर राहिली. बंबावरून उतरले की पहिल्यांदा मूठभर माती उचलून हळूहळू सोडायचे. "काय भाई, गहू उफणी ऱ्हायनात का?" म्हणून आम्ही चिडवायचो. ते हसायचे आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

महामार्गावरून गुजरातेतले रसायनांचे टँकर जातात, म्हणून आम्हाला सरकारी निधी मिळाला. जाडजूड आराखडा छापून झाला. सभागृहात अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, पडद्यावर चित्रं, समोसे, प्रमाणपत्रं, फोटो. सोबत एक पेटी आली. त्यात पाठीवर घ्यायचं हवेचं सिलिंडर, मास्क आणि अंगभर पोशाख. दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षक येऊन पेटी उघडतील असं ठरलं; तोवर ती सीलबंद माझ्या कपाटात, कुलपात. दुसऱ्या टप्प्याचा निधी आलाच नाही.

सलीमभाई दर महिन्याला माझ्या टेबलाशी यायचे. "अप्पा, एक डाव घालीसन देखू दे. पेटी तुन्ही शे, पन जीव मन्हा शे."

"सील तोडं ते ऑडिटले काय दखाडू, भाई?" मी म्हणायचो. वर असंही ऐकवायचो की, नवी वस्तू खराब झाली तर दुसरी कोण देणार? सांभाळून ठेवण्यात मला मोठं शहाणपण वाटत होतं. आमच्याकडे पाहुण्यांसाठी राखलेली चादर कोरीच जुनी होते, तसं मी माणसाच्या श्वासाचं केलं.

त्या रविवारी नवापूरकडच्या रस्त्यावर अमोनियाचा टँकर उलटला. डिझेल सांडलंय समजून लोक कॅन घेऊन धावले. सलीमभाईंनी वास ओळखला. तो त्यांच्या बापाच्या भट्टीतल्या नवसागराचा वास होता. सोबतचे सांगतात, त्यांनी माती सोडून पाहिली आणि शिव्या घालत सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला पिटाळलं. ती माणसं वाचली. मग केबिनमध्ये अडकलेल्या ड्रायव्हरसाठी ओला गमछा तोंडाला बांधून ते आत शिरले. ड्रायव्हरही वाचला...

आता म्हणे नवा निधी येणार आहे. साहेबांनी मला आराखडा पुन्हा टाईप करायला दिलाय. त्यात 'प्रशिक्षित कर्मचारी' या रकान्यात सलीमभाईंचं नाव अजून आहे. ते खोडायला माझा हात उठत नाही. सलीमभाईंच्या मृत्यूची चौकशी चालू आहे, पण मला कुणी बोलही लावला नाही, कारण माझी नोंदवही चोख आहे. मला या चोखपणाची शिसारी येते.

परवा त्यांच्या घरी गेलो. खुंटीवर तो गमछा धुऊन वाळत घातलेला होता. भाभींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, ती पेटीमाधला मास्क त्यास्ना तोंडले बसना असता का हो?"

तो मास्क कुणी कधी घालूनच पाहिला नव्हता. चौकशी संपेपर्यंत पेटी उघडायची नाही असा आदेश आहे, आणि त्याआधी ती मी उघडू दिली नव्हती.