साडूभाऊंचा न मरणारा कॉम्प्युटर

नवी गोष्ट वेळेत होऊ न देण्यात आणि जुनी गोष्ट मरू न देण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. टाइपरायटरला फ्लॅनेलचं कव्हर शिवून घेणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, त्यामुळे कॉम्प्युटर आले तेव्हा तेही त्यांच्याच गळ्यात पडले.

कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकायची असली की मुंबईहून माणूस यायचा. त्याचा फोन आला की साडूभाऊ शांतपणे म्हणत, "शिमगा होऊन जाऊ दे. सगळे पालखीच्या मागे, पासवर्ड सांगणार कोण तुम्हाला?" शिमगा झाला की आंबा. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे पेट्या भरण्यात. मग ॲडमिशन, मग पाऊस ("दमट हवेत नवीन काही घालू नये"), मग गणपती. अशी दोन-तीन वर्षं गेली की त्या सिस्टीमच्या कर्त्यांनीच तिला सोडचिठ्ठी दिलेली असे, आणि नेमकी तेव्हा आमच्या संस्थेची मंजुरी येई. मग नारळ फुटे, पेढे वाटले जात आणि 'अत्याधुनिक' हा शब्द प्राचार्यांच्या भाषणात निदान चारदा येई. साडूभाऊ मागच्या रांगेत बसून सर्वांत जोरात टाळ्या वाजवत.

आलेली वस्तू जपण्यात मात्र त्यांचा जीव होता. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांत टीव्ही कुजतात तिथे त्यांचे कॉम्प्युटर ठणठणीत असत. यंत्राला ओल लागू नये म्हणून पावसाळाभर टेबलाखालच्या कप्प्यात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब जळे, कोपऱ्यात डांबरगोळ्या असत आणि ऑक्टोबरात सगळे कीबोर्ड खिडकीत उपडे वाळत. एखादं यंत्र चालू व्हायला वेळ लावू लागलं आणि नवा प्राध्यापक वैतागला, की ते त्याला चहा पाजत. "वय झालंय त्याचं. तुम्हीसुद्धा सकाळी उठल्या उठल्या शिकवायला लागता काय?"

हीच माया त्यांना निवृत्तीच्या वेळी भोवली. नव्या प्राचार्यांनी एका दमात नवे कॉम्प्युटर आणले, आणि जुने निकाली काढायला तीन प्राध्यापकांची समिती नेमली. नियम असा की नादुरुस्त यंत्रच मोडीत काढता येतं. बाकीच्या यंत्रांनी समजूतदारपणे माना टाकल्या. साडूभाऊंच्या टेबलावरचं सर्वांत जुनं धूड मात्र समितीने बटण दाबताच गाणं म्हणत उठून बसलं. चालतंय म्हणून ते मोडीत निघेना, नवी सिस्टीम त्यात मावेना म्हणून ते वापरता येईना, आणि न वापरायच्या वस्तूचा चार्ज नवे हेडक्लार्क घेईनात. चार्ज पुरा होत नाही म्हणून साडूभाऊंची पेन्शन अडली, आणि पेन्शन अडली म्हणून आमच्या ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन.

निवृत्त झाल्यावरही साडूभाऊ रोज कॉलेजात जात, ते यंत्र मेलं का बघायला. बघायचे, आणि हातासरशी पुसून, बल्ब लावून परत यायचे. समितीच्या अध्यक्षांनी त्यांना एकदा बाजूला घेतलं. "अहो, थोडं सहकार्य करा." शिपाई तर स्वतःवर घ्यायला तयार होता. "माज्या हातना पडला आसा लिवा, सायेब. मना काय कोन बोलनार नाय."

"चालतंय ते," साडूभाऊ म्हणाले. "चालत्याला पाडायचं नाही."

मला त्यांचा संताप यायचा. बायकोपेक्षा डबडं मोठं झालं का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. ताईंनी मात्र त्यांना कधी बोल लावला नाही. पण जूनमधल्या एका संध्याकाळी त्या बाजारातून आल्या आणि घराच्या पायऱ्यांवर मध्येच, कठड्याला धरून, बराच वेळ उभ्या राहिल्या. साडूभाऊ दारातून ते बघत होते. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले नाहीत. नंतरही गेले नाहीत.

गणपतीनंतर समिती पुन्हा बसली. साडूभाऊंना बोलावणं आलं, त्यांच्याबरोबर मीही गेलो. अध्यक्षांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही झालं नाही. खोलीत सगळ्यांनी साडूभाऊंचं अभिनंदन केलं, कुणीतरी चहा मागवला. साडूभाऊंनी टेबलाखाली वाकून तो विझलेला बल्ब काढला आणि खिशात घातला. मला म्हणाले, "मी त्याला काही केलं नाही हो. फक्त जायचा थांबलो."

आता ताई मांडवीच्या किनाऱ्यावर छान फिरतात. रोजच्या रोज भजनाला, शेजारणींकडे. मुलगा पुण्यात. साडूभाऊ घरीच असतात, दुपारी मिक्सर पुसतात, आणि फोन वाजला की जरा जास्तच लगबगीने उठतात. कॉलेजातून आता कुणी फोन करत नाही.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. पाऊस असला तरी जातो. काम काही नसतं. "आज कसे काय आलात?" असं ते रोज विचारतात, आणि मी रोज म्हणतो, इकडूनच चाललो होतो.