पुसलेली टेप

"ये रे भाऊऽ, भाकर खाई ले!" सरांनी माईकवर नाकातून नक्कल केली. जळगावच्या कॉलेजचा हॉल खदखदून हसला. हसणाऱ्यांतल्या अर्ध्या पोरांच्या घरात हीच बोली.

"ह्याच्या पहिल्या फिल्ममधली बाई अशी बोलायची," सर माझ्याकडं बोट दाखवत म्हणाले. "मी म्हटलं, अरे, रडायच्या जागी लोक हसतील. काय काढून टाकायचं ते कळणं, हीच सिनेमाची कला."

ती बाई माझी आई. सरांना ते ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची.

मीही हसलो. सवयीनं.

सर पुण्याचे, मोठे दिग्दर्शक. मी दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला, त्यांच्या हाताखाली शिकून दिग्दर्शक झालेला. पहिल्या फिल्मला आईलाच कॅमेऱ्यापुढं उभं केलं. कापूस वेचता वेचता पोराला हाक मारायची, एवढंच काम. सर म्हणाले, आवाज बदल. मी पुण्याच्या एका नटीकडून बदलून घेतला. शुद्ध, गोड. आईच्या आवाजाची टेप पुसून दुसऱ्या कामाला वापरली. मीच.

धुळ्यात खेळ लागला. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. पडद्यावर तिचं तोंड हललं आणि ती माझ्याकडं वळली.

"हाई कोन बोली ऱ्हायनी रे? मन्हा आवाज कोठे गया?"

"मशीन खराब व्हतं, माय."

तिनं मान हलवली. माझ्या एकाही सिनेमाला मग आली नाही. दोन वर्षांनी वारली. तिचा आवाज आता कुठंच नाही. मलाही तो नीट आठवत नाही. आठवायला गेलो की त्या नटीचाच ऐकू येतो.

त्या दिवशी जळगावात सरांच्या गप्पांनंतर तीच फिल्म दाखवायची होती. मी उठून प्रोजेक्टरच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. पडद्यावर आई आली तसा आवाज पार बंद केला.

"अरे, आवाज गेला!" सर ओरडले.

"गेला नाही, सर. आपण दोघांनी घालवला." आणि मग, त्यांच्यासमोर पहिल्यांदाच, "ती मन्ही माय शे."

कुणी हसलं नाही. आईचे ओठ हलले. मिटले.

आता ती फिल्म कुठंही लागली की मी मशीनपाशी असतो. आईच्या जागी आवाज बंद. लोक चुळबुळतात, शिट्ट्या मारतात. मारू देत. तिच्या तोंडून दुसऱ्या कुणाला आता बोलू देणार नाही. मलासुद्धा नाही.