एकमताआधीचं भांडण

मिरजेहून रात्रभर एसटीत अंग आंबवून कल्याणला उतरले, तर धाकटी बहीण मंगल स्टँडवर येरझारा घालत होती. "ताई, आंघोळ नंतर. आधी ठाकुर्ली!" आल्या माणसाला चहा तरी विचारावा की नाही!

नव्वदचं दशक संपत आलं होतं, पालिकेत नुकते कॉम्प्युटर आले होते. मंगलनं दोन वर्षं खपून पाणीपट्टीचा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो आतल्या कोडसकट पालिकेला फुकट द्यायचा होता. कुणीही उघडावा, दुरुस्त करावा. समोर एका कंत्राटदाराचा कुलूपबंद प्रोग्रॅम. बिघडला की त्याचेच पाय धरायचे. दोन्ही विषय त्याच दुपारच्या सभेत होते. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनी उचलून धरलं तरच मंगलचा निभाव लागणार होता.

ठाकुर्लीचे काशिनाथशेठ सत्ताधारी नगरसेवक. "बस गो ताय," म्हणत त्यांनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे) पुढ्यात ठेवलं. घाईतही मी बोटं चाटली. मंगलनं घासही घेतला नाही.

"पोरीचा काम चांगला हाय," शेठ म्हणाले. "पन मी न् मोहने गावचा पांडुरंगभाऊ एका सुरात बोललो, त लोकं बोलतीन दोगांनी मिलून खाल्लं. आदी भांडू, मंग हो बोलू."

मोहन्याला जाताना रिक्षा बंद पडली. पदर खोचून मी ती ढकलली, वर रिक्षावाल्याला चार शब्द सुनावले. रेयॉनच्या कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. तिथले पांडुरंगभाऊ विरोधी पक्षाचे. तेही हसून म्हणाले, "भांडण तर पायजेच! नायतर कार्यकर्ते मला दारात उभं करणार नाहीत."

सभेत ठरल्याप्रमाणे भांडण सुरू झालं. पण बोलण्याच्या भरात भाऊ ओरडले, "तुमच्या चाळी कुणाच्या जमिनीवर आहेत, काढू का?" हे काही ठरलेलं नव्हतं. शेठ खुर्ची लोटून धावले, माईक ओढला गेला, एकच गोंधळ. महापौरांनी घंटा बडवली, "उरलेले सर्व विषय मंजूर!" म्हणाले आणि निघूनच गेले.

मंगलनं मला मिठी मारली. मग तिचे हात सैल पडले. "ताई, सर्व म्हणजे त्या कंत्राटदाराचाही."

आम्ही धावत पाणीपट्टी खात्याच्या साहेबांकडे गेलो. "आता कोणता बसवणार?"

"त्याचा. त्याला खर्चाची तरतूद आहे, फाईल सरकते. तुमचा फुकट. खर्चच नाही तर फाईल कशाची काढू?"

खाली दोघे नगरसेवक एकत्र चहा पीत होते. "काम झाला ना गो?" शेठनी हौसेनं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मंगल म्हणाली, "झालं, शेठ."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. दोन पक्ष एक होत नाहीत म्हणून आपण आयुष्यभर बोटं मोडतो. इथे तर झाले होते! गाडी हलता हलता मंगल खिडकीबरोबर चालू लागली.

"ताई, काहीतरी किंमत लावायला हवी होती का गं?"